आधी पाणी, मग हात

सदर व्यक्ती : शैमा. वडील : बुशैब, मयत. आई : मिलूदा, हयात. वय : अकरा वर्षे चार महिने. मुक्काम : शहर आसफी, जुन्या कोटाच्या आत, कुंभारांच्या टेकडीखालची गल्ली, दरवाजा निळा, क्रमांक पुसलेला. शिक्षण : पाचवी उत्तीर्ण, सहावीत नाव दाखल, हजेरी बरी, शुक्रवार वगळून. व्यवसाय : निरंक, कारण पंधरा वर्षांखालील व्यक्तीस या राज्यात व्यवसाय असू शकत नाही. उत्पन्न : निरंक. स्थावर : निरंक. जंगम : पाच लिटरचे प्लास्टिकचे डबे, नग दोन; पैकी एकास झाकण नाही.

हा तपशील गल्लीची नोंद सरकारला कळवणाऱ्या मुकद्दमने स्वतः भरला. दारात उभं राहून, मिलूदाने दिलेला पुदिन्याचा चहा पीत. त्यात खोटं असं काही नव्हतं. शैमाला प्रत्यक्ष बघून खात्री करावी असा नियम होता, पण ती घरी नव्हती. कामावर गेली होती.

काम टेकडीवरच्या कब्रस्तानात. पाणी घालण्याचा हा धंदा कुणी कुणाला शिकवत नाही, बघून बघून येतो. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर बायका रेहानच्या सुवासिक डहाळ्या, पाव आणि सुकी अंजिरं घेऊन आपापल्या माणसांना भेटायला येतात. कबरीवर पाणी पडलं की आतल्याला गारवा मिळतो, असं सगळे मानतात. आता पाण्याचा नळ खाली, मशिदीच्या भिंतीला, आणि माणसं वर. मधली एकशे चाळीस पावलांची चढण. त्या चढणीवर गल्लीतली सात-आठ पोरं जगत.

धंद्याचा नियम एकच : आधी पाणी, मग हात. "पाणी घालू का, खालती?" असं विचारलं की ती खालती, म्हणजे मावशी, "नको" म्हणून मोकळी होते, कारण तिने घरून बाटली आणलेली असते आणि ती बाटली अर्ध्या कबरीलाही पुरत नाही हे तिला अजून कळायचं असतं. म्हणून विचारायचंच नाही. अर्धा डबा ओतून टाकायचा आणि उरलेला अर्धा घेऊन गप उभं राहायचं. कबरीवर पडलेलं पाणी परत घेऊन जा, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. बाकीची अक्कल अनुभवाने येते. मोठ्याने रडणाऱ्यांच्या मागे लागू नये, त्यांचा बटवा शेवटपर्यंत उघडत नाही. भाऊभाऊ भांडत आले असतील तर सोडू नयेत, दोघेही वेगवेगळे पैसे देतात. आणि नवी विधवा असेल तर पैसे घेऊ नयेत. हा शेवटचा नियम शैमाचा एकटीचा होता. बाकीची पोरं त्यावरून तिला खुळी म्हणत.

दिवसाचा शेवटचा डबा बुशैबचा. वेड्यावाकड्या अंजिराच्या झाडापासून डावीकडे तिसरी कबर. बुशैब बंदरावर सार्डिनच्या पेट्या उतरवायचा. दोन हिवाळ्यांपूर्वी ओल्या फळीवरून पाय घसरला, पाठीवरची पेटी आधी पडली आणि बुशैब तिच्यावर. दगड बसवायला पैसे नव्हते. लाकडी पाटीवर डांबराने नाव लिहिलं होतं, ते समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने वर्षभरात खाऊन टाकलं; मग पाटीही कुणीतरी सरपणाला नेली. शैमाने किनाऱ्यावरचे गोटे आणून कबरीभोवती कड केली होती. तेवढंच.

त्या उन्हाळ्यात मिलूदाच्या अंगठ्यात माशाचा काटा मोडला. ती कारखान्यात सार्डिन साफ करायची, पेटीमागे मजुरी. काटा मोडणं तिथे शिंक येण्याइतकं रोजचं, म्हणून तिने दोन दिवस लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी हात पावासारखा फुगला. सहा आठवडे काम नाही. खोलीचं दोन महिन्यांचं भाडं थकलं, सहाशे दिरहम. घरमालक भला माणूस होता. आशूराचा सण होऊ दे, मग दुसऱ्या दिवशी खोली सोडा, म्हणाला. सणासुदीला कुणाला बाहेर काढू नये एवढा देवधर्म त्याच्यापाशी होता.

मग खालती झहरा आली. ही बाई आसपासच्या गावांतून पोरी गोळा करून कासाब्लांकातल्या घरांत लावून द्यायची. कायद्याने बंदी आल्यापासून ती याला नोकरी म्हणत नसे. "घरातल्यासारखी राहील गं," ती मिलूदाला सांगत होती. "डॉक्टरीणबाईचं घर आहे. खायला-प्यायला, कपडालत्ता. तीनशे महिना, आणि दोन महिन्यांचे आगाऊ मी आत्ता हातावर ठेवते." सहाशे. खालती झहराला कुणाचं किती थकलंय ते आकड्यासकट ठाऊक असायचं.

मिलूदा हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. सुजलेला हात मांडीवर ठेवून म्हणाली, "आशूरा होऊ दे."

शैमा पडद्याआड पेले विसळत होती. मागल्या वर्षी खालती झहराने नेलेली एक पोर परत आली होती. ती चांगली जाड झाली होती, केस कापलेले, बूट नवे. फक्त कुणी इस्त्री काढली की ती उठून बाहेर जायची आणि कपड्यांच्या घड्या होईपर्यंत आत येत नसे.

शैमाकडे चहाच्या डब्यात रमजानपासून साठवलेले दोनशे साठ होते. म्हणजे आशूराच्या एका दिवसात तीनशे चाळीस मिळवायचे. तिचा आजवरचा सर्वांत चांगला दिवस होता एकशे दहाचा.

आशूरा हा पाण्याचाच सण. त्या दिवशी अख्खं गाव कब्रस्तानात लोटतं, आणि यंदा तो भर जुलैत आलेला, म्हणजे फ्रान्स-बेल्जियमहून सुट्टीला आलेली मंडळीही गावात. तिने पहाटेपासून नळ धरला. पहिले दोन तास बरे गेले. मग गल्लीतले दांडगे पोरगे अंगावर पाणी उडवायच्या पिशव्या भरायला आले आणि नळाचा ताबा घेऊन बसले. डब्यामागे अर्धा दिरहम कर बसला. शैमाने तो दिला. सरकार कुणाचंही असो, कर चुकत नाही. दहाच्या सुमाराला नळाची धार करंगळीएवढी झाली, बारा वाजता सुतळीएवढी. लहान पोरं मातीच्या ढोलक्या बडवत "बाबा आशूरचा वाटा द्या" म्हणून फिरत होती, आणि लोक सुटे पैसे त्यांनाच देऊन टाकत होते. कष्टाशिवाय मागणाऱ्याला चटकन दिलं जातं. काम करून हात पसरणाऱ्याकडे माणूस आधी काम बघतो. एका बाईने तर शैमाला, पाणी नीट पायथ्यापर्यंत गेलं नाही, असं सांगून आणखी अर्धा डबा आणायला लावला आणि दोन अंजिरं दिली.

झाकण नसलेल्या डब्यातून चढणीवर पाणी हिंदकळून पायावर सांडे. डब्याच्या कडीने तळहाताला चर पडली होती. दुपारची नमाज झाली, तिसऱ्या प्रहरचीही झाली. गर्दी उतरली. तिने अंजिराच्या सावलीत बसून परकराच्या गाठीतले पैसे मोजले. ब्याण्णव. पुन्हा मोजले. पैशाची एक खोड असते, भुकेल्या माणसाने कितीदाही मोजले तरी ते तेवढेच राहतात.

मग ती उठली, एक डबा भरून आणला आणि बापाच्या कबरीवर ओतायला लागली.

ते लोक तेव्हा आले. पंचावन्नचा एक गृहस्थ, पांढरी विजार, डोक्यावर गॉगल. त्याच्या दंडाला धरून एक म्हातारी. म्हातारी गावातलीच होती पण तीस वर्षांपूर्वीची : चाल इथली, बूट तिथले. दोघं कबरी मोजत येत होती.

"अंजिराचं झाड म्हणालीस, यम्मा. इथे अंजिराची तीन झाडं आहेत."

"वाकडं झाड. डावीकडे तिसरी. तुझ्या बापाला मी पुरलं नाही, पण कुठे पुरलं ते बघितलंय." बायका दफनाच्या वेळी भिंतीबाहेर थांबतात, म्हातारीने भिंतीवरून बघितलं असणार.

मग तिला ओली कबर दिसली आणि ती थांबली.

ह्या घराची गोष्ट अशी होती : म्हातारा चौऱ्याण्णव साली वारला, आणि त्यांनी बेल्जियमहून दरवर्षी द्रीस नावाच्या चुलतभावाला पैसे पाठवले, कबर कोरडी पडू देऊ नको म्हणून. मुलाचं कायम म्हणणं, द्रीस पैसे खातो. आईचं म्हणणं, खात नाही. तीस वर्षं रविवारच्या जेवणावर हा वाद चालला होता. द्रीस गेल्या हिवाळ्यात मेला, त्यामुळे विचारायची सोय उरली नव्हती. आणि आता म्हातारीसमोर, बरोबर तिने सांगितलेल्या जागी, कड लावलेली, नुकतं पाणी घातलेली कबर होती. तिला आणखी काय हवं होतं?

"बघ," ती लेकाला म्हणाली. "बघ, अब्दलहक. ओली आहे."

"नवी वाटते गं. तीस वर्षांची कबर अशी दिसते?"

"द्रीसनं राखलेली आहे म्हणून नवी दिसते. तुझी गाडी नाही का नवी दिसत?" मग ती शैमाकडे वळली. "पोरी, ह्या कबरीला पाणी तू घालतेस?"

"हो."

"नेहमी?"

"दर शुक्रवारी."

इथवर सगळं खरं होतं.

"तुला कुणी सांगितलं घालायला?"

शैमाच्या हातातला डबा अर्धा होता. नेहमीसारखाच : अर्धा ओतलेला, अर्धा हातात. ब्याण्णव आणि दोनशे साठ, तीनशे बावन्न. तिला आपल्या जिभेने ते नाव कधी उचललं ते कळलंही नाही. आत्ताच, म्हातारीच्या तोंडून, ते तिने ऐकलं होतं; मानाचा 'सी' तेवढा तिने पुढे जोडला.

"सी द्रीसनं," ती म्हणाली.

म्हातारी जमिनीवर बसली. गोट्यांच्या कडेवर दोन्ही हात ठेवून तिने नवऱ्याला तीस वर्षांची हकीकत सांगायला घेतली. नातवंडांची नावं, गुडघ्याचं ऑपरेशन, थंडी. अब्दलहकने गॉगल डोळ्यांवर ओढला. रविवारचा वाद तो हरला होता आणि त्याला त्याचं वाईट वाटत नव्हतं.

तरी माणूस हिशेबी. त्याने सी अल्लालला हाक मारली. सी अल्लाल कब्रस्तानात बसून दहा-वीस दिरहमात कुराण वाचणारा म्हातारा. एका डोळ्यात फूल पडलेलं, दुसरा मात्र दोघांचं काम करणारा. बुशैबला पुरलं त्या दिवशी याच जागी बसून त्याने फुकट वाचलं होतं.

"फकीह, ही आमच्या वडलांचीच ना? हाज लार्बी. तुम्ही इथले जुने."

सी अल्लालने कबरीकडे पाहिलं. मग शैमाकडे, मग तिच्या तळहाताकडे. घसा खाकरला.

"बाबा, मी वर वाचतो. खाली कोण आहे ते ज्याला कळवायचं त्याला कळवलेलं असतं." आणि कुणी पुढे काही विचारायच्या आत तो मांडी घालून बसला आणि मयतासाठी वाचतात ती कुराणातली यासीन सुरू केली. चालू यासीनमध्ये प्रश्न विचारणारा मुसलमान अजून जन्माला यायचाय.

जाताना अब्दलहकने शंभराच्या तीन नोटा शैमाच्या हातात ठेवल्या. म्हातारीने तिचा ओला हात तसाच घेऊन आपल्या डोळ्यांना लावला. पुढच्या शुक्रवारी संगमरवर बसवायला येतो, म्हणाले. इतकी वर्षं दगड नाही, लाज वाटते.

ते उतारावरून दिसेनासे झाले तरी शैमा उभीच होती.

"सी अल्लाल," ती म्हणाली, "आता?"

"आता काय?" म्हाताऱ्याने मिळालेली नोट टोपीत खोचली. "मी खोटं बोललो नाही. मी नुसतं वाचलं. तू बोललीस. पण न्हातीधुती झालेली नसशील अजून."

ती लाजली. मान हलवून नाही म्हणाली.

"मग झालं तर. पोर वयात येईपर्यंत तिच्या खात्यावर लेखणी चालत नाही. वरच्या दप्तरातही तुझ्या नावावर काही लागत नाही." तो गुडघ्यांवर हात ठेवून उठला. "खालच्यात लागत नाही, तसंच."

घरी मिलूदाने नोटांकडे बघितलं आणि त्यांना हात लावला नाही.

"चोरी?"

"नाही, यम्मा."

"मग?"

शैमाने सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, रडलीही नाही. मिलूदा ऐकत होती, आणि ऐकता ऐकता चांगल्या हाताने वाईट हातावरची चिंधी सोडत आणि गुंडाळत होती. शेवटी बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"तुझा बाप होता. पण माझा नवरा होता. द्यायच्या आधी विचारायचं तरी."

शैमाने परकराची गाठ सोडून पैसे नोटांशेजारी ठेवले.

"दगड बसवणार?"

"हो."

"पांढरा?"

"संगमरवर म्हणाले."

बाहेर कुणीतरी आशूराची ढोलकी अजून बडवत होतं, एकसुरी.

"जन्मभर पेट्या वाहिल्या त्याने," मिलूदा म्हणाली. "आता तो दगड." मग तिने नोटा उचलल्या, शैमाच्या गाठीतले पैसे त्यांत मिसळले, चहाच्या डब्यातले मिसळले, आणि चादर डोक्यावर घेऊन त्याच पावली घरमालकाकडे गेली. बावन्न दिरहम उरले होते. येताना पीठ आणलं.

दुसऱ्या दिवशी खालती झहरा वेळेवर आली. मिलूदाने दारातच सांगितलं, पोर जायची नाही.

"अगं, गाडी ठरवलीय मी. डॉक्टरीणबाईला शब्द दिलाय."

"शब्द तू दिलास."

"पुढल्या महिन्यात भाडं नाही का यायचं?" खालती झहराच्या बोलण्यात राग नव्हता. डॉक्टर जसा रोग्याला तारीख देतो तशी तिने तारीख दिली. "हात बरा झाला नाही तर ये माझ्याकडे. मी काही मनात धरत नाही."

मिलूदाने दार लावलं. आतून शैमाला पावलांचा आवाज ऐकू येत होता. तो गल्लीच्या तोंडाकडे गेला नाही, आतल्या बाजूला गेला. पण त्या दिवशी दोघींना दुसऱ्या कशाचा विचार करायला अंगात बळ नव्हतं. त्यांनी पावाबरोबर चहा घेतला आणि मिलूदा भर दुपारी भिंतीकडे तोंड करून झोपली.

शुक्रवारी संगमरवर बसला. मिलूदा बघायला येणार म्हणाली तेव्हा शैमाला भीती वाटली, पण ती शेजारीण म्हणून आली, शेजारणीसारखी चार पावलं मागे उभी राहिली. कारागिराने गोट्यांची कड उखडून एका बाजूला ढीग केला. दगडावर कोरलं होतं : मरहूम हाज लार्बी, जन्म, मृत्यू, आणि खाली बेल्जियममधल्या मुलांची नावं, सहाच्या सहा. सी अल्लालने वाचलं. म्हातारीने परडीतून पाव आणि अंजिरं काढली आणि मयताच्या नावाने वाटायला सुरुवात केली. मिलूदापाशी आली. तिचा बांधलेला हात बघून तिने दोन पाव जास्त ठेवले.

"माझ्या मालकासाठी दुवा कर, बाई. फार भला माणूस होता."

मिलूदाने पाव छातीशी धरले. रीत असते ती अशी की घेणाऱ्याने मयतावर दया मागायची. तिने दगडाकडे बघितलं.

"अल्लाह त्याच्यावर दया करो," ती म्हणाली. "भलाच होता."

म्हातारीला ते इतकं बरं वाटलं की तिने मिलूदाला मिठी मारली. शैमा डबा घेऊन पुढे झाली. संगमरवरावर पाणी मुरत नाही; ओतलं ते सगळं कडेकडेने घरंगळून शेजारच्या कबरीत गेलं. अब्दलहकने वर्षाचं पाणी बोलून ठेवलं, महिना वीस दिरहम, कारागिराच्या हस्ते. मंडळी गेल्यावर मिलूदाने उखडलेले गोटे चादरीत भरले. घरी कशाला नेतेस, असं शैमाने विचारलं नाही.

उतरताना नळापाशी पोरांची गर्दी होती. त्या गर्दीत एक पोर कमी होती. शैमाने कुठे आहे म्हणून विचारलं, आणि तिला सांगण्यात आलं.

वर्षअखेरीस मुकद्दमने गल्लीचा गोषवारा वरच्या कचेरीत पाठवला. घरे : एकतीस. कुटुंबे : चव्वेचाळीस. पंधरा वर्षांखालील, कामावर असलेली मुले : निरंक.

खालती झहराची गाडी त्या दिवशी रिकामी गेली नाही. दोन दारं पलीकडे राहणारी हनान गेली. वय नऊ, महिना पन्नास दिरहम कमी.